मुलुंडचं घर आणि कुर्ल्याची खोली

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी मुलुंडला एक फ्लॅट घेतला. राहायला नव्हे. राहायला त्याला आहे. हा भाड्यानं द्यायला घेतला. घेऊन झाल्यावर त्याला धास्ती वाटायला लागली. कोणी म्हणे दर पडणार, कोणी म्हणे चढणार, आणि भाडेकरू कसा निघेल हे तर कोणीच सांगेना. म्हणून एका रविवारी तो माझ्याकडे येऊन बसला. "आत्या, आजोबांनी पूर्वी घर बांधून भाड्यानं दिलं होतं ना? मग तूच सांग, माझ्यासारख्या नवख्यानं काय काळजी घ्यायची?"

मी चहा टाकला आणि चार गोष्टी सांगितल्या. लेखी करार कर. नोंदणी कर. माणसाची नीट चौकशी कर. कोणाच्या भिडेला बळी पडू नकोस. त्यानं त्या मोबाईलवर टिपून घेतल्या. सगळ्या खऱ्या आहेत. पण मला सांगायची होती ती गोष्ट वेगळीच होती. ती मी त्याला सांगितली नाही. गेली साठ-पासष्ट वर्षं कोणालाच सांगितलेली नाही. आता लिहून तरी टाकते.

माझे बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आम्ही मूळचे मालवणकडचे, पण माझा जन्म कंपनीच्या क्वार्टरमधला. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे नळ. आईचं एकच पालुपद असायचं, "ह्या घर आपला न्हय." बाबा निवृत्त झाले की महिन्याभरात क्वार्टर सोडावं लागणार, हे तिला लग्नाच्या पहिल्या दिवशीच कळलं होतं आणि तेव्हापासून ती त्याचीच काळजी करत होती. म्हणून पन्नास सालाच्या सुमारास बाबांनी मुलुंडला जमिनीचा एक तुकडा घेतला. तिथे तेव्हा भाताची खाचरं होती. सिमेंट परमिटवर मिळायचं. बाबा सुट्टीच्या दिवशी त्या परमिटामागे धावायचे आणि आई हातातल्या पाटल्या मोडायची. दोन वर्षांनी तीन खोल्यांचं, मंगलोरी कौलांचं घर उभं राहिलं.

बाबांची नोकरी अजून चार वर्षं होती. तोवर घर बंद ठेवायचं की भाड्यानं द्यायचं? हा प्रश्न बाबांनी क्वार्टरच्या पायरीवर काढला, आणि अख्ख्या चाळीला कंठ फुटला. ज्यांच्याकडे स्वतःची एक वीटही नव्हती ते सगळ्यात जास्त बोलत होते. एक म्हणाला, पागडी घ्या, पण पावती देऊ नका. दुसरा म्हणाला, बदलीची नोकरी असलेला बघा, तो आपोआप जातो. तिसरा म्हणाला, अहो, भाड्याचा हा कायदा लढाईच्या वेळचा, तात्पुरता आहे, पुढच्या वर्षी उठतोय. हे तो दरवर्षी म्हणायचा आणि सरकार दरवर्षी मुदत वाढवायचं. चौथ्याचं म्हणणं, आता उपनगरांत सरकारी वसाहती होतायत, जागेला कुत्रं विचारणार नाही, मिळेल तो भाडेकरू पकडा. पाचवा म्हणाला, कुलूप लावा आणि गप्प बसा. त्या पाचव्याचं ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती, पण तो फार कमी बोलायचा, त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मला पागडी नको नि जास्तीचं भाडंही नको. मी निवृत्त होईन त्या दिवशी माझं घर मला परत मिळालं म्हणजे झालं." त्यासाठी त्यांनी एकच पारख ठेवली. माणूस आपल्या बाजूचा हवा.

तसा माणूस मिळाला. आमच्या गावापासून दोन कोसांवरचा, टपालात कारकून. बोलणं इतकं हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. आईनं त्यांना भाकरी आणि तिसऱ्या शिंपल्यांची कढी वाढली. त्या कारकुनानं शिंपल्या खाऊन अशा स्वच्छ केल्या की आईनं तिथेच ठरवलं, हाच. कागद करावा असं तो स्वतःच एकदा म्हणाला. बाबांना ते जवळजवळ लागलंच. "आपल्या आपल्यात कागद कसला?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

आता एक चूक सांगते. ती आमच्यासारख्या माणसांखेरीज कोणाच्या हातून झाली नसती.

वास्तुशांत केल्याशिवाय त्या घरात कोणालाही पाऊल टाकू द्यायला बाबा तयार नव्हते. भाडेकरूलासुद्धा नाही. आषाढातला शेवटचा मुहूर्त काढला, कारण पुढे चातुर्मास. भटजी ठरले. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात गवंड्यानं एक शहाबादी फरशी न बसवता ठेवली होती, कारण तिच्याखाली वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायची असते. आणि आदल्या दिवशी गावाहून तार आली. भावकीतला एक म्हातारा गेला होता. बाबांनी त्याला आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. पण सुतक ते सुतक. दहा दिवस आम्हाला पूजेला बसता येणार नव्हतं.

पुढचा मुहूर्त चार महिन्यांनी. टपालवाल्यानं जुनी जागा सोडलेली, बोचकी बांधलेली. बाबा रात्रभर येरझारा घालत राहिले आणि सकाळी त्यांनी त्याला निरोप पाठवला, तुम्ही जोडप्यानं बसा. भटजींनाही विचारलं. ते म्हणाले, राहणार ते असतील तर काही हरकत नाही.

मी, आई, बाबा आणि धाकटा भाऊ असे आम्ही सुतकी माणसं बाहेर पेरूच्या झाडाखाली उभे होतो. आत आमच्या घराची पूजा चालली होती. त्या दोघांच्या अंगावर शेला आणि शालू होता. त्यानं प्रतिमा खड्ड्यात ठेवली, वर धान्य टाकलं, माती लोटली. गवंड्यानं फरशी बसवली. आम्हाला ते सगळं दारातून दिसत होतं. आई पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं धुरानं.

साडेतीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो स्वतः विक्रोळीला येऊन भाडं देऊन जायचा, येताना अळूच्या पानांची जुडी आणायचा. आमच्याच अंगणातलं अळू. आईला त्याचं किती कौतुक!

निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा आम्ही मुलुंडला गेलो. बाबांनी नवा सदरा घातला होता, लग्नाचं बोलणं करायला निघाल्यासारखा. टपालवाल्यानं खुर्ची दिली. बायकोनं चहा आणला. बाबांनी घसा साफ करून सांगितलं, की अमुक महिन्यात मी मोकळा होतोय, तेव्हा तुम्ही आता जागा बघायला लागा.

तो नेहमीसारखाच हळू बोलला. "कायद्यानं आम्हाला काढता येणार नाही, काका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईनंही तसंच वाटून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, राग नव्हता, काहीच नव्हतं. टपालाची खिडकी किती वाजता बंद होते ते सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. पुढे म्हणाला, मुंबईत जागा कुठे आहे, मी चार माणसं घेऊन कुठे जाऊ.

आतल्या खोलीत त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. ती तिथूनच ओरडली, "वास्तुपुरुष माझ्या झिलाच्या हातान बसलो हा. आता आमी जावचा खंय?"

बाबा त्या आग्नेय कोपऱ्याकडे बघत राहिले. आई त्यांना ढोसत होती, "बोला मां कायतरी!" मी त्यांचं तोंड पाहिलं आणि मला कळलं. ज्या मुलाच्या हातानं वास्तुपुरुष बसला त्याचंच घर, हे म्हातारीचं म्हणणं त्यांना पटलं होतं. कायद्याचं नाही, पण हे पटलं होतं. आपलं घर आपण आपल्या हातानं दुसऱ्याच्या नावे पुरलं असं त्या माणसाला त्या क्षणी वाटलं, आणि ते त्यांच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

तरी कोर्टात गेलो. आईनं नेलं म्हणा. वकील म्हणाले, तुम्हाला स्वतःला राहायला घर नाही, तेव्हा केस तुमची भक्कम आहे, फक्त आता त्याच्याकडून भाडं घेऊ नका. बाबांनी पुढच्या रविवारी त्याला भाड्यासकट दारातून परत पाठवलं. मग पहिल्या तारखेला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला. बाबांनी ती नाकारली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पुन्हा नाकारली. टपालातला माणूस तो. आपल्या विद्येचा त्यानं काय उपयोग केला ते आम्हाला पुढे समजलं.

इकडे क्वार्टर सोडायचा दिवस आला. केस तर नुसती सुरू झाली होती. सामान हातगाडीवर घालून आम्ही कुर्ल्याला आलो.

कुर्ल्याच्या जुन्या गावठाणात एक क्रिस्तांव विधवा राहायची. सगळं गावठाण तिला माय म्हणायचं, आम्हीही म्हणायला लागलो. तिचा नवरा बोटीवर आचारी होता, समुद्रावरच गेला. मुलगाही बोटीवर. घराच्या अंगाला एक सुटी खोली होती, पुढे विहीर, मध्ये दहा पावलांचं अंगण. ती खोली तिनं मुलाच्या लग्नासाठी राखून ठेवली होती. कारखान्यातल्या कोणीतरी आमची अडचण तिच्या कानावर घातली, आणि ती म्हणाली, या.

खोलीच्या दारात उभं राहून बाबांनी तिला सांगितलं, "माय, सहा महिने. मुलुंडचं घर सुटलं की आम्ही गेलोच. आणि तुझा मुलगा त्याआधी आला तर त्याच दिवशी खोली खाली करीन. माझा शब्द आहे." मी त्यांच्या मागेच उभी होते. हातात स्टोव्ह होता. मी तेव्हा सतरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, सगळं समजत होतं.

मायनं विचारलं, "कागद पायजे?" आणि स्वतःच हसली. "मना कुठे वाचता येतंय!"

मायसारखी बाई मी पुढे पाहिली नाही. पहिल्या दिवशी तिनं आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या. आई बरीच सोवळ्यातली, ती घ्यावं की नाही या विचारात पडली. मायनं दारातूनच सांगितलं, "नवं पीठ हाय, नवं भांडं हाय, खा गं बाय." आईला इतकी लाज वाटली की ती भाकरी तिनं मायच्या समोर खाल्ली. सहा महिने होऊन गेले, केस चालूच होती. मायच्या मुलाचा करारही बोटवाल्यांनी वाढवला. ती म्हणाली, "ऱ्हावा, तो येईपर्यंत."

मग निकाल लागला. आम्ही हरलो.

न्यायाधीशांचं म्हणणं वकिलांनी आम्हाला कोर्टाच्या व्हरांड्यात समजावलं. मालक कुर्ल्याला एका खोलीत राहतायत, म्हणजे त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे. भाडेकरूची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तेव्हा जास्त हाल त्याचे होतील. भाडं थकवलं म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्यानं नाकारलेल्या मनिऑर्डरींचा गठ्ठाच पुढे केला होता. त्याचं म्हणणं, मी द्यायला तयार होतो, हेच घेत नव्हते. बाबांनी वकिलांना तीनतीनदा विचारलं, "म्हणजे मी रस्त्यावर राहिलो असतो तर जिंकलो असतो?" वकील म्हणाले, तसं म्हणायला हरकत नाही. बाबा हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात त्यांनी पोस्टातून मनिऑर्डरचे फॉर्म आणले. माझं अक्षर चांगलं म्हणून ते माझ्यापुढे ठेवले. "मायच्या नावे भर. रक्कम खोलीच्या भाड्याची. खाली मजकुराच्या जागेत लिही, कुर्ल्याच्या खोलीचे भाडे, अमुक महिन्याचे, भाडेकरूकडून."

मी म्हटलं, "अहो बाबा, ती दहा पावलांवर राहते. आपण हातात नेऊन देतो ना?"

"म्हातारीला दर महिन्याला दारात येऊन भाडं मागायची लाज नको," ते म्हणाले.

मला ते खरं वाटलं. इतकी मोठी मुलगी, आणि खरं वाटलं! पहिली मनिऑर्डर आली त्या दिवशी तर मला बाबांचा अभिमान वाटला, कारण मायला झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला. नवरा जिवंत असताना परदेशातून तिला मनिऑर्डर यायची. तो गेल्यापासून मनिऑर्डर घेऊन पोस्टमन त्या अंगणात फिरकला नव्हता. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं, शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "माझी मनिऑर्डर काय?" सही येत नसल्यानं अंगठा. अंगठ्याला साक्षीदार लागतो. पोस्टमननं इकडेतिकडे पाहिलं, मी विहिरीवर होते. मी हात पुसून आले आणि सही केली.

पुढे ते ठरूनच गेलं. महिन्याच्या सुरुवातीला फॉर्म मी भरायचा, पोस्टमन आला की मायनं अंगठा द्यायचा, साक्षीला मी. तिच्याकडे राहणारा कागदाचा तुकडा ती जपून ठेवायची. अंगठा दिलेली पोचपावती पोस्टातून फिरून बाबांकडे यायची. ती ते ट्रंकेत टाकायचे. असं वर्षभर चाललं.

मायच्या मुलाचं पत्र आलं ते मीच तिला वाचून दाखवलं. करार संपला होता, महिन्याभरात बोट लागणार होती, लग्नाचं बोलणं पक्कं करून ठेव, असं त्यात लिहिलं होतं. माय तिथल्या तिथे दोन्ही हात जोडून पुटपुटली आणि मग मला जवळ घेतलं. तिच्या लुगड्याला मसाला कुटल्याचा वास येत होता. म्हणाली, "तुझ्या बापाला सांगते. आता तुमी पन जागा बघा, मी पन चार ठिकानी सांगते."

ती संध्याकाळी आली. बाबांनी तिला खुर्ची दिली. आईला चहा ठेवायला सांगितला. माय आपली लग्नाचं सांगत होती, मुलगी वांद्र्याकडची, सुवासिनी कोण येणार, मांडव अंगणात कसा बसेल. मग म्हणाली, "तर खोली कदी देशील रे बाबा?"

बाबा उठले. ट्रंक उघडली आणि पोचपावत्यांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला. वर सुतळी बांधलेली होती. आवाज हळू होता. "कायद्यानं आम्हाला काढता येणार नाही, माय."

तेच वाक्य. शब्दाला शब्द. तोच खालचा सूर, तीच खुर्ची पुढे करणं, तोच चहा. बाबा, माझे बाबा, ज्यांनी आपल्या आपल्यात कागद कसला म्हणून घर घालवलं, भावकीतल्या अनोळखी म्हाताऱ्याचं सुतक पाळलं, त्यांनी वर्षभर बसून हे केलं होतं. आणि ते सगळं माझ्या अक्षरात होतं.

मायला आधी काही समजलंच नाही. ती त्या गठ्ठ्याकडे वाकून बघत होती. बाबांनी सांगितलं, हे तू घेतलेलं भाडं, प्रत्येकावर तुझा अंगठा आहे. तिनं एक कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. "यो माजा अंगठा?" असं तिनं बाबांना नाही, मला विचारलं.

मी मान डोलावली.

बाबा बोलत होते. "मला कोणी सोडलं, माय? मी कुठे जाऊ? दोन पोरं घेऊन मी कुठे जाऊ, तू सांग." आता त्यांचा आवाज फुटला होता. आई चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी. मी तिच्याकडे पाहिलं, की ही तरी काही बोलेल. मुलुंडला बाबांना ढोसणारी बाई! ती खाली मान घालून उभी राहिली. क्वार्टर गेलं, घर गेलं, आता ही चार भिंतींची खोली तेवढी होती. तिनं चहा कपात ओतला आणि मायपुढे ठेवला. माय चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर ती आधीच तिथे होती. वाटच बघत असणार. रात्री ती फादरकडे जाऊन आली होती, फादरनी तिला तिथूनच कोणा वकिलाकडे नेलं होतं. वकिलानं म्हणे एकच विचारलं होतं, सहा महिन्यांचा शब्द दिला तेव्हा तिथे तिसरं कोणी होतं का?

"तू होतीस ना बाय," माय म्हणाली. "तुझ्या हातात स्टो होता. तुझा बाप बोलला, मुलगा आला का त्याच दिशी खोली देईन. तू ऐकलंस. सांगशील ना?"

स्टोव्हसुद्धा तिच्या लक्षात होता.

आमच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बाबा दाढी करत होते, त्यांचा हात आरशापुढे थांबलेला मला दिसला. मी होय म्हटलं तर काय होणार ते मला माहीत होतं. कायदा कोणाच्या बाजूनं जाईल ते मला कळत नव्हतं, ते वकिलांनाही कळत नव्हतं. पण सामानाची हातगाडी मला दिसत होती, आणि या वेळी ती कुठे जाणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

"मला नाही आठवत, माय," मी म्हटलं.

मी पाण्याकडे बघत होते. "बरं," ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली. मी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, आपण चांगले आहोत असं मानून चालणारी. मला माझ्या तोंडातून ते वाक्य निघाल्याचा इतका धक्का बसला की मी कळशी भरायची विसरून रिकामीच घरी घेऊन गेले. अर्धी दाढी तशीच ठेवून बाबा मला म्हणाले, "जेवायला आज तुझ्या आवडीचं करायला सांग." मला ते अजून सहन होत नाही.

माय कोर्टात गेली नाही. मुलगा आला, अंगणात मांडव पडला, बँड वाजला. नव्या जोडप्यासाठी ओट्याला गोणपाट लावून आडोसा केला. आम्ही खोलीचं दार लावून आत बसलो होतो. कोणीतरी दारावर थाप मारली, उघडलं तर बाहेर झाकून ठेवलेलं ताट. त्यात सगळं होतं, आईसाठी वेगळं, नव्या भांड्यातलंसुद्धा.

पुढच्या महिन्यात बाबांनी मनिऑर्डरचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी भरला. पोस्टमन आला. मायनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला नाही. अंगठा दिला. सवयीनं पोस्टमननं मला हाक मारली, मीही सवयीनं हात पुसत पुढे झाले. माय माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "साक्षीला दुसरं कोनी बघ."

त्यानंतर ती माझ्याशी आयुष्यभर बोलली. आईच्या आजारपणात ती रात्री जागली, बाबा गेले तेव्हा तिनंच आधी मला धरलं. पण साक्षीला तिनं मला पुन्हा कधी घेतलं नाही. मुलुंडचं घर बाबांनी पुढे त्या टपालवाल्यालाच विकलं, तो देईल त्या भावात. त्या फरशीपर्यंत पुन्हा जायची त्यांची हिंमत झाली नाही. मी नोकरी केली, लग्न केलं नाही, कुर्ल्याच्या खोलीतच राहिले. कित्येक वर्षांनी ते गावठाणातलं घर पाडून तिथे इमारत झाली. भाडेकरू म्हणून मला त्यात एक फ्लॅट मिळाला. आज मी जिथे बसून हे लिहितेय तो तोच. विहीर होती तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

मागच्या आठवड्यात भाचा पुन्हा आला. त्याला भाडेकरू मिळाला होता. नवरा-बायको, शांत, आपल्याच बाजूचे, असं तो मोठ्या खुशीत सांगत होता. बरोबर करारनामा नोंदवणारा माणूस, त्याच्याकडे लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं लहानसं यंत्र. हल्ली सगळं घरबसल्या होतं म्हणे. मालकाचा अंगठा झाला, भाडेकरूंचे त्यांच्याकडे आधीच झाले होते. साक्षीदार दोन लागतात. एक तो माणूस स्वतःच बरोबर घेऊन आला होता.

"आत्या, दुसरी तू," भाचा म्हणाला. "फक्त अंगठा ठेव, एक मिनिटाचं काम."

यंत्र माझ्यापुढे सरकवलं गेलं. त्याच्या काचेखाली लाल दिवा होता. मी हात पुढे केला. खरंच केला. काच बोटाला गार लागली आणि मी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला. भाचा घाबरला. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "साक्षीला दुसरं कोणी बघ."